अमेरिकेतला आरोग्य विमा कायदा आणि राज्याराज्यांचे रेग्युलेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की हेच प्रश्न येतात. ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडायची मुदत, सुरू झालेलं असतं, प्रीमियम वाढल्याची पत्रं घरी आलेली असतात आणि लोक वैतागलेले असतात. तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. मी न्यू जर्सीत राहतो त्यामुळे इथली उदाहरणं जरा जास्त येतील, पण कॅलिफोर्निया आणि टेक्सासवाल्यांनाही उपयोग होईल असं बघितलंय. माझं म्हणणं एकच आहे, कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला पण तुमच्या पदरात काय पडलं ते ठरलं राज्यांच्या राजधान्यांत, ट्रेंटनला, सॅक्रमेंटोला, ऑस्टिनला. तिथे कोण बसलंय आणि त्याच्या हातात काय आहे हे आपल्या लोकांना माहीतच नसतं, आणि मग नुकसान होतं.

कायदा तर केंद्राचा, ओबामाकेअर. मग राज्यांचा संबंध कुठे आला?

आपल्याला भारतातली सवय असते. तिथे आयआरडीएआय एकच, हैदराबादला बसते, पुण्यातल्या पॉलिसीला जो नियम तोच पाटण्यातल्या पॉलिसीला. इथे तसं नाहीये. १९४५ साली मॅकॅरन-फर्ग्युसन नावाचा कायदा झाला आणि विमा धंद्यावर देखरेख राज्यांनीच करायची हे तेव्हा पक्कं झालं. त्यामुळे २३ मार्च २०१० ला ओबामांनी सही केली तेव्हा नियम केंद्राचे आले पण ते राबवणारी माणसं राज्यांचीच राहिली.

म्हणजे बघा, आजार आहे म्हणून पॉलिसी नाकारायची नाही, मुलांना २६ वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांच्या प्लॅनवर ठेवायचं, दहा प्रकारच्या सेवा प्लॅनमध्ये असल्याच पाहिजेत, हे सगळं केंद्राने सांगितलं. पण कंपनीचे कागद तपासणार कोण, दर बघणार कोण, तक्रार ऐकणार कोण, तर राज्याचा इन्शुरन्स कमिशनर. शिवाय केंद्राचा नियम ही खालची पायरी, राज्य त्याच्या वर जाऊ शकतं. केंद्र म्हणतं ६४ वर्षांच्या माणसाकडून २१ वर्षांच्या पोराच्या तिपटीपेक्षा जास्त प्रीमियम घ्यायचा नाही, पण न्यू यॉर्क आणि व्हरमाँटमध्ये वयावरून फरक करायलाच बंदी आहे. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्याकडून दीडपट घेता येतो, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात तेही चालत नाही.

हा कमिशनर म्हणजे नक्की कोण? सरकारी बाबू की निवडून आलेला पुढारी?

दोन्ही. ११ राज्यांत कमिशनर मतदानाने निवडून येतो, त्यात कॅलिफोर्निया, जॉर्जिया, वॉशिंग्टन राज्य, नॉर्थ कॅरोलायना वगैरे आहेत. बाकी ठिकाणी बहुतेक करून गव्हर्नर नेमतो. न्यू जर्सीत खातं बँकिंग आणि इन्शुरन्सचं एकत्र आहे. कॅलिफोर्नियात तर दोन-दोन रेग्युलेटर, एक इन्शुरन्स खातं आणि दुसरं मॅनेज्ड हेल्थ केअर खातं, आणि बहुतेक लोकांचे प्लॅन या दुसऱ्याकडे येतात. तिथल्या लोकांनी तक्रार करायच्या आधी आपला प्लॅन कोणाच्या अखत्यारीत येतो ते बघून घ्यावं, नाहीतर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतात.

या सगळ्या कमिशनरांची एक संघटना आहे, एनएआयसी, १८७१ पासूनची. नमुना नियम तीच तयार करते आणि मग राज्यं आपापल्या सोयीने उचलतात.

एखादं राज्य म्हणालं की आम्ही हा कायदा राबवणारच नाही, तर?

तसं झालंय. सुरुवातीला टेक्सास, ओक्लाहोमा, मिझुरी, अलाबामा आणि वायोमिंग या पाच राज्यांनी हात वर केले. कायद्यात तशी सोय होती, राज्याने नाही केलं तर केंद्राच्या खात्याने स्वतः कंपन्यांचे कागद तपासायचे. ते झालं, पण दूरवरून तपासणं आणि रोज त्या कंपन्यांशी व्यवहार असलेल्या स्थानिक ऑफिसने तपासणं यात फरक पडतोच.

काही राज्यांनी नाही म्हटलं नाही पण खो घातला. जॉर्जियाचे तेव्हाचे कमिशनर राल्फ हजेन्स यांनी २०१३ मध्ये जाहीर सभेत सांगितलं की आमच्या हातात असेल तेवढा अडथळा आम्ही आणतोय. फ्लोरिडात त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून आपल्याच रेग्युलेटरचा नवीन प्लॅनचे दर मंजूर करायचा अधिकार दोन वर्षांसाठी काढून घेतला. मला हे फार वाईट वाटतं, कारण भांडण दोन पक्षांचं आणि प्रीमियम भरणार सामान्य माणूस. नेमकी बाजार नव्याने सुरू होत असताना, जेव्हा कोणाला काही कळत नव्हतं तेव्हाच दरांवरची नजर काढून घेतली.

मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याची, गोष्ट थोडी वेगळी. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं, म्हणून टेक्सासमध्ये गरीब पण धडधाकट आणि मूलबाळ नसलेल्या माणसाला आजही ते मिळत नाही आणि न्यू जर्सीत मिळतं.

काही राज्यांची वेबसाइट वेगळी, काहींची हेल्थकेअर डॉट गव्ह. असं का?

एक्स्चेंज, म्हणजे प्लॅन बघून विकत घ्यायची जागा, राज्याने स्वतः काढायची की केंद्राची वापरायची ही मोकळीक होती. १ ऑक्टोबर २०१३ ला केंद्राची साइट उघडली आणि लगेच बसली, ते सगळ्यांना आठवत असेल. पण राज्यांच्या साइटही काही कमी तोंडघशी पडल्या नाहीत. मेरीलँडची पहिल्याच दिवशी कोसळली, शेवटी त्यांनी कनेक्टिकटची सिस्टिम उचलली. ओरेगनची कधी धड चालूच झाली नाही, लोकांचे फॉर्म कागदावर भरून घेतले आणि पुढच्या वर्षी राज्य केंद्राच्या साइटवर गेलं. केंटकीची मात्र झकास चालली, नंतर एका गव्हर्नरने ती बंद केली आणि पुढच्याने परत सुरू केली.

आता उलटा प्रवाह आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाने २०२० च्या शेवटी स्वतःची साइट काढली, मग व्हर्जिनिया आली, मग जॉर्जिया. फायदा काय, तर केंद्राला द्यायची फी राज्यातच राहते, मुदत थोडी वाढवता येते आणि राज्याला स्वतःची जादा सबसिडी, म्हणजे प्रीमियम भरायला सरकारी मदत, जोडता येते, न्यू जर्सी तशी देते. मराठी माणसाला टिप एवढीच की गूगल करून पहिली लिंक दाबू नका, जाहिरातवाल्या साइट अगदी सरकारीसारख्या दिसतात आणि एकदा नंबर टाकला की दिवसभर फोन वाजत राहतो.

२०१३ मध्ये "आवडत असेल तर जुना प्लॅन ठेवा" म्हणाले होते, मग लोकांचे प्लॅन रद्द कसे झाले?

राज्यांचे रेग्युलेटर किती महत्त्वाचे आहेत हे कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १ जानेवारी २०१४ पासून नवे नियम लागू होणार होते, जुने अपुरे प्लॅन त्यात बसत नव्हते, म्हणून कंपन्यांनी २०१३ च्या पावसाळ्यानंतर लाखो लोकांना प्लॅन बंद होतोय अशी पत्रं धाडली. ओबामांनी तर जाहीर शब्द दिला होता. गदारोळ झाला आणि १४ नोव्हेंबर २०१३ ला त्यांनी घोषणा केली की कंपन्यांना जुने प्लॅन आणखी एक वर्ष चालवता येतील. पण त्यात मेख होती, राज्याचा रेग्युलेटर हो म्हणाला तरच.

आता विचार करा त्या कमिशनरच्या जागी बसून. नवीन प्लॅनचे दर महिन्यांपूर्वी मंजूर झालेले, ते ठरवताना गृहीत धरलेलं की तब्येतीने बरे असलेले जुने ग्राहकही नव्या बाजारात येणार. ते आले नाहीत तर नव्या बाजारात आजारी माणसंच जास्त उरणार आणि पुढच्या वर्षी दर भडकणार. आणि विक्री तर चालू झालेली. वॉशिंग्टन राज्याचे कमिशनर माइक क्राइडलर स्वतः ओबामांच्या पक्षाचे, तरी त्यांनी त्याच दिवशी सांगितलं की आम्ही हे करणार नाही. न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा, र्‍होड आयलंड यांनीही नाही म्हटलं, कॅलिफोर्नियाच्या एक्स्चेंजच्या मंडळाने आठवड्याभरात तोच निर्णय घेतला. फ्लोरिडा आणि बरीच राज्यं हो म्हणाली. वॉशिंग्टन डीसीचे कमिशनर विल्यम व्हाइट यांनी या घोषणेवर जाहीर शंका घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची नोकरी गेली.

एका वर्षाची म्हणून दिलेली ती मुभा नंतर वाढत वाढत गेली. ज्यांनी तेव्हा नाही म्हटलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण त्या आठवड्यात हो म्हणणं सोपं होतं, टाळ्या मिळाल्या असत्या.

माझा प्रीमियम कोण ठरवतं? आणि रेग्युलेटर तो कमी करू शकतो का?

कंपनी ठरवते, ॲक्चुअरीकडून, म्हणजे विम्याचं गणित करणाऱ्या तज्ज्ञाकडून, आकडेमोड करून घेते आणि साधारण मे ते जुलैच्या दरम्यान राज्याकडे फाइल करते. पुढे काय होतं ते राज्यावर आहे. काही राज्यांत मंजुरीशिवाय दर लावताच येत नाही. काही ठिकाणी फाइल केलं की वापरायला मोकळे. कॅलिफोर्नियात रेग्युलेटर दर अवाजवी आहे असं जाहीर करू शकतो पण थांबवू शकत नाही, नोव्हेंबर २०१४ मध्ये तो अधिकार द्यायचा प्रस्ताव मतदानाला आला होता, लोकांनीच पाडला. केंद्राचा नियम असा की ठराविक टक्क्यांच्या वर वाढ मागितली तर कारणं देऊन ती लोकांसमोर ठेवायची. सुरुवातीला ती रेषा १० टक्क्यांची होती, नंतर १५ केली.

नुसतं उघड्यावर आणल्यानेही फरक पडतो. मे २०१३ मध्ये ओरेगनने सगळ्या कंपन्यांनी मागितलेले दर एकाच ठिकाणी शेजारी शेजारी छापले. ते बघून दोन कंपन्यांनी स्वतःहून सांगितलं की आमचे आकडे परत बघतो, कमी करतो. कोणी आदेश दिला नव्हता, शेजारच्याचा भाव दिसला एवढंच.

तुम्हीही बघू शकता. आपल्या राज्याच्या इन्शुरन्स खात्याच्या साइटवर रेट फाइलिंग म्हणून शोधा. पीडीएफ लांबलचक असते, घाबरू नका, सुरुवातीला साध्या भाषेत एक गोषवारा असतो. त्यात हॉस्पिटलच्या खर्चामुळे किती वाढ, औषधांमुळे किती, कंपनीचा स्वतःचा खर्च आणि नफा किती धरलाय हे वेगवेगळं दिलेलं असतं. बऱ्याच राज्यांत लोकांचा अभिप्राय मागवतात आणि तिथे चार ओळी टाकणारी माणसं इतकी कमी असतात की तुमच्या चार ओळी वाचल्या जातात.

आणखी एक, कंपनीने गोळा केलेल्या प्रीमियममधले १०० पैकी निदान ८० रुपये म्हणा डॉलर म्हणा उपचारांवर खर्च झाले पाहिजेत, मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप प्लॅनला ८५. नाही झाले तर फरक परत द्यायचा. २०१२ पासून असे चेक यायला लागले. सप्टेंबरच्या आसपास इन्शुरन्स कंपनीचं पाकीट आलं तर न उघडता फेकू नका.

मग रेग्युलेटरने सरळ कमीत कमी दर ठेवायला लावावा ना?

नाही, आणि हे आपल्या लोकांना पटवून देताना माझा घसा बसतो. दर कमी पडला आणि कंपनी बुडाली तर तुमचं ऑपरेशन मध्येच लटकतं. या कायद्यात कर्ज देऊन को-ऑप नावाच्या ना-नफा कंपन्या काढल्या होत्या, २३ सुरू झाल्या, निम्म्याहून जास्त दोन-तीन वर्षांत बंद पडल्या. ग्राहक मिळवायला दर फार खाली ठेवले, आजारी माणसं जास्त आली, केंद्राकडून मिळायची मदत अपेक्षेपेक्षा फारच कमी आली. आयोवाच्या कमिशनरने डिसेंबर २०१४ मध्ये तिथली को-ऑप ताब्यात घेतली. न्यू यॉर्कची हेल्थ रिपब्लिक नोव्हेंबर २०१५ मध्ये बंद केली, साधारण दोन लाख लोकांना वर्ष संपत आलेलं असताना दुसरा प्लॅन शोधावा लागला, आणि हॉस्पिटलांची बिलं बुडली कारण तिथे अशा वेळी पैसे भरून देणारा फंडच नव्हता. न्यू जर्सीतली त्याच नावाची को-ऑप २०१६ मध्ये राज्याने ताब्यात घेऊन गुंडाळली.

२०१५ मध्ये ओरेगनच्या रेग्युलेटरने एका को-ऑपला, जी दर कमी करू म्हणत होती, उलट वाढवायला लावले. लोकांनी शिव्या घातल्या. वर्षभरात ती को-ऑप बंद पडली. म्हणजे त्या ऑफिसमधल्या माणसांना दिसत होतं.

२०१७ मध्ये सिल्व्हर प्लॅन एकदम महाग झाले होते, ते काय प्रकरण?

एक्स्चेंजवरचे प्लॅन ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांचे असतात. कमी उत्पन्नवाल्यांना सिल्व्हर प्लॅनमध्ये डिडक्टिबल (विमा लागू व्हायच्या आधी खिशातून भरायची रक्कम) आणि कोपे (दर भेटीला भरायची रक्कम) कमी लागतो, तो फरक केंद्र सरकार कंपन्यांना भरून द्यायचं. १२ ऑक्टोबर २०१७ ला ट्रम्प सरकारने ते पैसे थांबवले. ओपन एनरोलमेंट १ नोव्हेंबरला. हातात तीन आठवडेही नाहीत. आणि कंपन्यांना ती सवलत तर द्यावीच लागणार, कायद्याने बांधलेलं.

तेव्हा राज्यांच्या रेग्युलेटरांनी जे केलं ते मला खरंच हुशारीचं वाटतं. बऱ्याच राज्यांनी कंपन्यांना सांगितलं की हा सगळा बोजा फक्त सिल्व्हर प्लॅनच्या दरावर टाका, ब्रॉन्झ आणि गोल्डला हात लावू नका. आता सबसिडी मोजतात ती दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर प्लॅनवरून. सिल्व्हर वाढला तशी सबसिडीही वाढली. ज्यांना सबसिडी होती त्यांना काही झळ लागली नाही, उलट वाढलेली सबसिडी ब्रॉन्झला लावली तर कित्येकांना प्लॅन फुकटात पडला. ज्यांना सबसिडी नव्हती त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी एक्स्चेंजच्या बाहेर तसाच सिल्व्हर प्लॅन बोजा न लावता ठेवायला लावला. काही मोजक्या राज्यांनी हे केलं नाही, नॉर्थ डकोटा त्यातलं एक. कायद्यातला एक शब्द बदलला नाही, फक्त आकडा कुठे बसवायचा ते बदललं.

म्हणून आजही प्लॅन निवडताना सवयीने सिल्व्हर घेऊ नका. उत्पन्न फार कमी असेल तर सिल्व्हरच बरा, पण बाकीच्यांनी गोल्डचा भाव जरूर बघावा, कधी कधी गोल्ड सिल्व्हरपेक्षा स्वस्त निघतो.

आमच्या काऊंटीत एकच कंपनी आहे. तीही गेली तर?

२०१६-१७ मध्ये ही भीती खरी होती. ॲरिझोनातली पिनल काऊंटी, टेनेसीत नॉक्सव्हिलच्या आसपासचा भाग, ओहायोतली पॉल्डिंग काऊंटी, इथे एक्स्चेंजवर कोणीच उरणार नाही अशी वेळ आली होती. रेग्युलेटर कंपन्यांना फोन करत, समजावत, दर फिरून भरायची परवानगी देत बसले आणि शेवटी प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी आलं. अलास्काने वेगळी वाट काढली. तिथे एकच कंपनी उरली होती आणि दर ४० टक्क्यांच्या घरात वाढणार होते, तेव्हा राज्याने ५ कोटी ५० लाख डॉलर काढून सगळ्यात महागड्या रुग्णांचा खर्च त्यातून भागवायचं ठरवलं आणि वाढ ७ टक्क्यांच्या आसपास आली. पुढे केंद्राने त्यात पैसे घातले आणि न्यू जर्सी, मेरीलँड अशा बऱ्याच राज्यांनी तोच मार्ग घेतला.

माझा डॉक्टर नेटवर्कमध्ये नाही. राज्य काही करत नाही का?

करतं पण थोडं. प्रीमियम खाली ठेवायचा तर कंपन्या नेटवर्क, म्हणजे त्यांच्याशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांची यादी, लहान करतात. न्यू हॅम्पशरमध्ये २०१४ ला एक्स्चेंजवर एकच कंपनी होती आणि तिने राज्यातल्या २६ पैकी १० हॉस्पिटलं बाहेर ठेवली, गावोगावी बैठका झाल्या, लोक संतापले. रेग्युलेटर बघतो ते अंतर किती, थांबावं किती लागतं, एवढंच. तुमचा अमुकच डॉक्टर हवा हे त्याच्या हातात नसतं. पण नेटवर्कमध्ये त्या आजाराचा डॉक्टरच नसेल तर कंपनीला बाहेरच्या डॉक्टरचे पैसे नेटवर्कच्या दराने द्यायला लावता येतात, लेखी मागा. आणि १ जानेवारी २०२२ पासून इमर्जन्सीत बाहेरच्या हॉस्पिटलात नेलं तर वाढीव बिल लावता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स त्यात येत नाही, याची आठवण ठेवा.

इन्शुरन्स नसेल तर दंड आहे का अजून?

केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य. पण न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, र्‍होड आयलंड आणि डीसी यांचा स्वतःचा दंड आहे, राज्याच्या टॅक्स रिटर्नमध्ये लागतो. मॅसॅच्युसेट्सने तर २००६ मध्येच हे सगळं करून दाखवलं होतं. टेक्सासहून न्यू जर्सीतल्या एडिसनला शिफ्ट झालेल्या मंडळींना हे एप्रिलमध्ये कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

मी आयटीत आहे, इन्शुरन्स नोकरीच्या कंपनीकडून मिळतो. स्टेटकडे तक्रार केली तर म्हणाले आमच्याकडे येत नाही. टोलवाटोलवी आहे का?

टोलवाटोलवी नाही, खरंच येत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्या सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे बिलं तुमची नोकरीची कंपनीच भरते आणि कार्डावर ज्या इन्शुरन्स कंपनीचं नाव आहे ती फक्त हिशेब सांभाळते. अशा प्लॅनवर १९७४ च्या एरिसा कायद्यामुळे राज्याचा अधिकारच चालत नाही, तिथे केंद्राचं लेबर खातं.

कळायचं कसं? कार्ड खिशातून काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. कंपनी फक्त ॲडमिनिस्टर करते, आर्थिक जबाबदारी घेत नाही अशा अर्थाचं वाक्य असेल तर सेल्फ-फंडेड. टेक्सासमध्ये सोपं आहे, राज्याच्या अखत्यारीतल्या प्लॅनच्या कार्डावर टीडीआय किंवा डीओआय अशी तीन अक्षरं छापलेली असतात. नाहीतर सरळ एचआरला ईमेल टाका की प्लॅन फुली इन्शुअर्ड आहे की सेल्फ-फंडेड, एका ओळीचं उत्तर येतं. दवाखान्याची वेळ यायच्या आधीच हे विचारून ठेवा.

क्लेम नाकारला. आता काय?

पहिल्यांदा पत्र नीट वाचा, फोनवर काय म्हणाले ते धरू नका. नकाराचं कारण, कुठल्या नियमाखाली आणि अपील कधीपर्यंत हे त्यात लिहावंच लागतं. कंपनीकडे अपील करायला १८० दिवस असतात. तिथेही नाही म्हणाले आणि कारण "मेडिकली नेसेसरी नाही" छापाचं असेल तर बाहेरच्या स्वतंत्र डॉक्टरांकडून तपासणी मागता येते, शेवटच्या नकारानंतर चार महिन्यांच्या आत. निकाल साधारण ४५ दिवसांत, तातडीचं असेल तर ७२ तासांत, आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. राज्याच्या प्लॅनला अर्ज इन्शुरन्स खात्यामार्फत, सेल्फ-फंडेडला वेगळ्या मार्गाने, पण हक्क दोघांनाही आहे.

मागे एका काकांचा एमआरआय नाकारला होता. पत्रात कारण होतं की आधी सहा आठवडे फिजिओथेरपी झालेली नाही. झालेली होती, पण पुण्यात, सुट्टीला गेले होते तेव्हा. त्या क्लिनिकची बिलं आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी मागवून घेतली, इथल्या डॉक्टरकडून दोन परिच्छेदांचं पत्र घेतलं, तारखा ओळीने लिहिल्या आणि पाठवलं. मंजूर झालं. अपिलात रागाला किंमत नसते, तारखांना असते. बहुतेक लोक अपील करतच नाहीत, आणि ते बघून मला फार हळहळ वाटते.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांना एक्स्चेंजवरून घेता येईल का?

टूरिस्ट व्हिसावर फिरायला आलेल्यांना नाही, कारण त्या राज्यात राहत असल्याची अट असते. व्हिजिटर इन्शुरन्स घ्यावा लागतो आणि त्याला या कायद्याचं एकही संरक्षण नाही. जुना बीपी, शुगर, हार्ट वगळलेलं असतं, स्वस्तातले फिक्स्ड बेनिफिटवाले प्लॅन आयसीयूच्या एका दिवसाला ठराविक रक्कम देतात आणि बाकी सगळं तुमच्या डोक्यावर. पैसे वाचवायची ही जागा नाही, मोठ्या मर्यादेचा कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या.

ग्रीन कार्डवर आले असतील तर एक्स्चेंजवरचा प्लॅन मिळतो. वय ६५ च्या वर असलं तरी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घ्यायला आधी पाच वर्षं सलग इथे राहिलेलं असावं लागतं, तोवर हाच आधार.

जॉब गेला. कोब्रा घ्यावा का?

कोब्रा म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनीचा तोच प्लॅन स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय. घाई करू नका. निवडायला ६० दिवस असतात आणि नंतर घेतला तरी मागच्या तारखेपासून लागू होतो, मधले प्रीमियम भरायचे. एक्स्चेंजलाही ६० दिवसांचीच खिडकी असते. दोन्हींचे भाव बघा, मग ठरवा. २० पेक्षा कमी लोकांची कंपनी असेल तर केंद्राचा कोब्रा नाही, बऱ्याच राज्यांत राज्याचा असतो, कॅलिफोर्नियात तो ३६ महिन्यांपर्यंत चालतो.

२०२६ आणि २०२७ मध्ये काय बदलतंय? एच वन बी वाल्यांना काही धोका?

आहे, आणि याची चर्चा आपल्यात फार कमी आहे. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, सबसिडी वाढवली होती, तिची मुदत २०२५ च्या अखेरीस संपली. २०२५ मध्ये काय होणार ते ठरत नव्हतं म्हणून काही राज्यांनी कंपन्यांकडून दोन-दोन दर मागवून ठेवले होते, सबसिडी राहिली तर एक आणि गेली तर दुसरा. गेली तर तब्येतीने बरे लोक आधी सोडून जाणार, म्हणून दुसरा जास्त.

शिवाय ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याप्रमाणे जानेवारी २०२७ पासून सबसिडी फक्त नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि एक-दोन ठराविक गटांनाच. एच वन बी, एच फोर, एल वन, स्टुडंट व्हिसा, सगळे बाहेर. प्लॅन घेता येईल पण पूर्ण किमतीला. लेऑफ झालेल्या किंवा छोट्या कंपनीत इन्शुरन्स नसलेल्या कुटुंबाला हे जड जाणार. आणि जानेवारी २०२६ पासूनच आणखी एक झालंय, मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागणारे आणि उत्पन्न गरिबीच्या रेषेखाली असलेले जे ग्रीन कार्डवाले आहेत, त्यांची सबसिडी बंद. नवीन ग्रीन कार्डवर आलेले, वेगळं रिटर्न भरणारे म्हातारे आईवडील नेमके यात सापडतात. रिटर्न वेगळं भरायचं की मुलाने डिपेंडंट दाखवायचं हे सीएशी, म्हणजे इथल्या सीपीएशी, डिसेंबरच्या आधी बोलून घ्या.

फोनवर एकाने फार स्वस्त प्लॅन दिलाय. घेऊ?

आधी तीन गोष्टी विचारा. त्याचा लायसन्स नंबर काय, राज्याच्या साइटवर तो टाकून बघता येतो. हा प्लॅन ओबामाकेअरच्या नियमांत बसतो का, हो किंवा नाही. आणि इन्शुरन्स आहे की शेअरिंग. धर्माच्या नावाने चालणारे शेअरिंग प्लॅन इन्शुरन्स नसतात, पैसे द्यायचं बंधन त्यांच्यावर नसतं, अशाच एका मोठ्या कंपनीवर, अलिएरावर, २०१९ च्या सुमारास वॉशिंग्टन, टेक्सास, कोलोरॅडोसह बऱ्याच राज्यांनी कारवाई केली. थोड्या मुदतीचे शॉर्ट टर्म प्लॅन न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियात विकायलाच परवानगी नाही, त्यामुळे इथे कोणी देत असेल तर तिथेच फोन ठेवा.

लेखी काही न पाठवता कार्ड नंबर मागितला तर त्या माणसाचं नाव, नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि राज्याच्या इन्शुरन्स खात्याच्या साइटवर तक्रार टाका. फॉर्म ऑनलाइन असतो, पैसे लागत नाहीत, आणि लायसन्स राज्यानेच दिलेलं असल्यामुळे तिथल्या पत्राला एजंटला उत्तर द्यावंच लागतं.